भानोलं, फ्रीझर आणि बदलापूरची लोकल

बदलापूर पश्चिमेच्या मांजर्लीत संध्याकाळी साडेसात-आठला कुलपं उघडतात. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. जलद लोकल मिळाली तरी दीड तासाच्या आसपास जातो, पुढे रिक्षाची रांग. घरात पाऊल टाकताच 'आज काय करायचं?' हा प्रश्न उभा असतो. बहुतेक घरांत त्याचं उत्तर पोळी-भाजी केंद्रातून येतं किंवा फोनवरून. तिसरं उत्तर रविवारी करून गोठवून ठेवता येतं, आणि त्यासाठी परदेशी कॅसरोलच्या पाककृती धुंडाळायची गरज नाही. सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत भानोलं पिढ्यान्‌पिढ्या होतं, ते याच जातीचं आहे.

पूर्वी पातेल्याखाली मंद निखारे आणि वरच्या झाकणीवरही निखारे ठेवून भानोलं भाजत. आज तेच काम ओव्हन करतो. पाव किलो बारीक चिरलेल्या कोबीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचं. सुटलेलं पाणी टाकायचं नाही, त्यातच पीठ भिजतं. एक वाटी डाळीचं पीठ, दोन-तीन चमचे तांदळाचं पीठ, अर्धी वाटी ओलं खोबरं, आलं-लसूण-मिरचीचं वाटण, हळद, कोथिंबीर आणि पाव वाटी तेल. तेलात हात आखडू नये. कोरडं भानोलं गोठवल्यावर आणखी कोरडं लागतं. तेल लावलेल्या ट्रेमध्ये इंचभर जाडीचा थर द्यावा आणि १८० अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं भाजावं. कोबीऐवजी फ्लॉवर चालतो. कोलंबीचं भानोलं तर जिभेवर राज्य करतं.

गोठवायचं असेल तर यात एकच बदल करायचा. आतून पूर्ण शिजू द्यावं, सुरी खुपसली तर कोरडी निघाली पाहिजे. पण वरून खरपूस होण्याआधीच बाहेर काढावं. तो रंग परत गरम करताना येतो. आधीच लाल केलेलं भानोलं दुसऱ्या भाजण्यात चिवट होतं.

आता फ्रीझरचं गणित. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. गोठणं सावकाश झालं की बर्फाचे स्फटिक मोठे वाढतात आणि भाजीच्या पेशी फाडतात. मग वितळल्यावर पाणी सुटून लगदा होतो. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस १९१२ नंतर काही वर्षं कॅनडातल्या लॅब्राडोरला राहिला. तिथल्या कडाक्याच्या थंडीत मासे क्षणात गोठतात आणि शिजवल्यावर ताज्यासारखे लागतात, हे त्याने पाहिलं आणि त्यातून जलद गोठवण्याचा उद्योग उभा केला. आपल्या घरच्या फ्रीझरला तो वेग येत नाही. म्हणून आपल्या हातात जाडी आहे. अख्खा डबा गोठवण्यापेक्षा भानोलं पूर्ण गार करून वड्या कापाव्यात, ताटात सुट्या मांडून गोठवाव्यात आणि मगच पिशवीत भरून हवा दाबून काढावी. वड्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि हव्या तेवढ्याच निघतात. पिशवीवर तारीख लिहावी. आपल्या आठवणीवर विसंबू नये, फ्रीझरमध्ये सगळ्याच पिशव्या सारख्या दिसतात.

गार करण्यात मात्र रेंगाळू नये. ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपली ऑक्टोबरची दुपार त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर असते. ट्रे पंख्याखाली, खाली गार पाण्याची परात, आणि दोन तासांच्या आत फ्रीझर. भात घालून भाजलेल्या पदार्थांना हे दुप्पट लागू. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजल्यावरही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांनी सोडलेलं एक विष पुन्हा उकळूनही जात नाही.

फ्रीझर किती थंड आहे हेही पाहा. लांबच्या साठवणीला उणे १८ अंश लागतात. फ्रीझरच्या खणावर चांदण्या छापलेल्या असतील तर एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. वीजबचतीच्या लेबलवरच्या चांदण्या वेगळ्या, त्यांचा याच्याशी संबंध नाही. जुन्या एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात आठवड्याभराचीच बेगमी करावी. चांगल्या फ्रीझरमध्येही ओलं खोबरं घातलेलं भानोलं महिनाभरात संपवावं, असं माझं मत. पदार्थ बिघडत नाही, पण खोबऱ्याला हळूहळू साबणासारखी चव येते.

बटाट्याच्या फोडी गोठवू नका, स्पंजासारख्या होतात. नारळाच्या दुधाची आमटी फाटते. पण श्रावणातलं निनावं, ज्यात तेच नारळाचं दूध पिठात धरलेलं असतं, ते छान टिकतं. पोळ्या उरल्या तर फ्रिजच्या खालच्या खणात ठेवण्यापेक्षा फ्रीझरमध्ये बऱ्या. शून्याच्या जरा वरच्या थंडीत पिठातला स्टार्च सर्वांत लवकर कडक होतो.

गरम करायची माझी पसंती तव्याला. गोठलेल्या वड्या थेट तव्यावर, मंद आच, वर झाकण. आतपर्यंत वाफ गेली की झाकण काढून दोन्ही बाजू खमंग करायच्या. ओव्हनमध्ये फॉइल झाकून १८० अंशांवर वीसेक मिनिटं, शेवटची पाच उघडं. काचेचा ट्रे फ्रीझरमधून काढून तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नये, तडकतो. मायक्रोवेव्हच्या लहरी पाण्यात चटकन शोषल्या जातात, बर्फात फार कमी. त्यामुळे कडेचा भाग वितळून उकळतो आणि मधे दगड राहतो. म्हणून निम्म्या शक्तीवर गरम करावं, मधे दोन मिनिटं थांबावं. श्रीखंडाचा रिकामा डबा मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नको. मध्यभाग ७५ अंशांपर्यंत तापला पाहिजे. थर्मामीटर नसेल तर मधली वडी मोडून आतून चांगली वाफ येते का ते बघावं.

उल्हास नदीकाठी राहणाऱ्यांना पावसाळ्याची वेगळी धास्ती. २७ जुलै २०१९ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. असा पाऊस लागला की विजेचा भरवसा नसतो. गच्च भरलेला मोठा फ्रीझर दार न उघडता ४८ तास थंडी धरतो असं अमेरिकी कृषी खातं सांगतं. आपल्या फ्रिजच्या लहान कप्प्यावर तितका विश्वास ठेवू नका. घर बंद करून गावी जाणार असाल तर पेलाभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवा आणि बर्फावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी गेलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय. तसं असेल तर सगळं फेकून द्या, विशेषतः कोलंबी.

बाजारातून आणलेली गोठलेली कोलंबी वितळवून कच्चीच परत गोठवू नये. ती भानोल्यात पूर्ण शिजवली की गोठवायला हरकत नाही. एकदा गरम केलेल्या वड्या मात्र पुन्हा फ्रीझरमध्ये जाऊ नयेत. उरल्या तर दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठीही न ठेवता त्याच रात्री संपवा.