शेजाऱ्याचा पगार, आपला कर

नॉर्वेत कोणाचं उत्पन्न किती आणि त्यानं कर किती भरला, ही माहिती पूर्वीपासूनच सार्वजनिक. पण २००१ साली ती इंटरनेटवर आली आणि लोक शेजारी, सहकारी, नातेवाईक यांचे आकडे घरबसल्या चाळू लागले. अर्थतज्ज्ञ रिकार्डो पेरेझ-ट्रुग्लिया यांच्या २०२० सालच्या शोधनिबंधानुसार, त्यानंतर श्रीमंत आणि गरीब यांच्या सुखातली तफावत २९ टक्क्यांनी वाढली. पगार तेच होते. फक्त ते कळले होते. (२०१४ पासून आपला आकडा कोणी पाहिला हेही समजू लागलं, तशा चौकशा आटल्या. मनुष्यस्वभाव!)

एकाची बढती दुसऱ्याला बोचत असेल, तर ती कारखान्याच्या धुरासारखी ठरते: फायदा एकाचा, त्रास इतरांना. धुरावर कर लावतात, मग चढाओढीवर का नको? मायकेल बॉस्किन आणि एतान शेशिन्स्की यांनी १९७८ मध्ये गणितानं दाखवलं की लोक तुलना करत असतील, तर करातून अधिक फेरवाटप योग्य ठरतं.

अडचण कौशल्याची आहे. कर वाढला की शिकून होणारी जास्तीची कमाई घटते, म्हणून शिकण्याची ओढ कमी होते. उलट तुलनाच अनेकांना शिकायला लावते. पण काय शिकायला? वेल्डिंग शिकल्यानं उत्पादन वाढतं. केवळ रांगेत पुढे जाण्यासाठी घेतलेल्या दुसऱ्या पदवीनं बहुधा रांगच लांबते. आयकराला मात्र या दोन्हींतला फरक ओळखता येत नाही.