ओसाड कारखान्याचें उद्यान

जुन्या वाड्याच्या भिंतींत पिंपळ उगवला, कीं झाड उपटून भिंत वाचवावी किंवा भिंत पाडून जागा मोकळी करावी, एवढे दोनच मार्ग आपल्याला सुचतात. तिसरा मार्ग कसा असूं शकतो, हें जर्मनींतील डुइसबुर्ग शहरांत पाहावयास मिळतें.

तेथील मायडेरिख भागांतला लोखंड गाळण्याचा कारखाना १९८५ सालीं बंद पडला. प्रचंड भट्ट्या, धुराडीं, रुळांचें जाळें, सारें गंजत राहिलें. तें पाडून टाकावें असा विचार निघाला. परंतु रहिवाशांनीं विरोध केला. पुढें योजनांची स्पर्धा होऊन उद्यानरचनाकार पीटर लाट्झ ह्यांची योजना पसंत ठरली आणि १९९४ सालीं सुमारें १८० हेक्टरांचें उद्यान लोकांना खुलें झालें.

कोठें हात लावूं नये हें ओळखण्यांत लाट्झ ह्यांच्या कलेचें मर्म आहे. त्यांनीं भट्ट्या झांकल्या नाहींत, कीं रंगवून नव्या केल्या नाहींत. खनिज सांठविण्याच्या जाड भिंतींच्या कोठारांत त्यांनीं बागा केल्या. ओतशाळेंतील ४९ अवजड लोखंडी तक्ते एका चौकांत फरशीसारखे मांडले; ऊनपावसानें ते झिजत जावेत, हाच त्यांत हेतु. रुळांलगत आपोआप रुजलेलीं भूर्जाचीं झाडें तशींच वाढूं दिलीं. वायूच्या जुन्या टाकींत आतां पाणी असून तेथें पाणबुडे १३ मीटर खोल उतरतात.

तथापि निसर्गावर भार टाकून मनुष्यानें मोकळें व्हावें, असा ह्याचा अर्थ नव्हे. कारखान्यानें जमिनींत विष मुरविलें होतें. अतिदूषित माती कोठारांत कायमची बंदिस्त करावी लागली. एम्शर नदीच्या जुन्या प्रवाहाचें उघडें गटार झालें होतें. तें सांडपाणी भूमिगत नळांतून वळवून वरच्या पात्रांत पावसाचें स्वच्छ पाणी खेळविलें. एवढें केल्यावरच उरलेलें काम झाडांवर व काळावर सोपवितां आलें.

सर्व पाडलें असतें तर तेथें राबलेल्या कामगारांच्या श्रमांची खूण पुसली गेली असती. सर्व चकचकीत केलें असतें तर जमिनीची झालेली हानि लपली असती. गंजलेल्या भट्टीशेजारीं वाढणारें झाड ह्या दोन्ही गोष्टी पाहणाऱ्यापुढें उघड ठेवतें.