पडदा काळा कां पडतो?

लॅपटॉप आतां घरोघरीं दिसतो. आज मी बोलणार आहें तें त्याच्या एका भारदस्त भावंडाविषयीं. त्याला वर्कस्टेशन म्हणतात. इमारतींचे नकाशे, यंत्रांचे आराखडे, चित्रपटांची जुळवाजुळव अशा जड कामांसाठीं तें बनविलेलें असतें. नव्याची किंमत लाखाच्या वर जाते. म्हणून मोठ्या कंपन्यांनीं कांहीं वर्षें वापरून काढून टाकलेलें यंत्र विकत घेणारे पुष्कळ.

आमच्या जवाहरनगरांत माझा भाचा घरांचे नकाशे काढून पोट भरतो. त्यानेंही असेंच एक यंत्र नागपुराहून आणलें. दोन महिने बरे गेले. मग पडदा मधूनमधून लुकलुकूं लागला, आणि एके दिवशीं ऐन कामांत काळा पडला. "मामा, पडदा गेला वाटतं," तो म्हणाला. पस्तीस वर्षें मुलांच्या चुका तपासणाऱ्याच्या आत्मविश्वासानें मीं सांगितलें, "गेलाच तो. बदलून टाक." त्यानें नऊ हजार रुपये मोजून पडदा बदलला. पंधरा दिवसांनीं नवा पडदाही तसाच लुकलुकूं लागला! तोंवर हातचीं दोन कामें दुसऱ्याकडे गेलीं होतीं. भाचा मला एका शब्दानें बोलला नाहीं. बोलला असता तर बरें झालें असतें. तेव्हांपासून मी या विषयाच्या मागें लागलों.

बटण दाबल्याबरोबर पडद्यावर चित्र येतें, तें कोठून? शाळेचें उदाहरण घेतों. मला दुसरें सुचत नाहीं. मुख्याध्यापक येण्यापूर्वीं शिपाई येतो, कुलपें काढतो, खिडक्या उघडतो, बाकें जागेवर आहेत कीं नाहींत तें पाहतो आणि मग घंटा देतो. लॅपटॉपमध्यें हें काम करणारी सूचनावली मदरबोर्डावरील एका लहानशा चिपमध्यें लिहून ठेवलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. कारागिरांच्या तोंडीं तिचें जुनें नांव बायोस. विंडोज किंवा लिनक्स हे मुख्याध्यापक मागाहून येतात. शिपायाची किल्ली हरवली तर मुख्याध्यापक कितीही विद्वान असोत, फाटकाबाहेरच उभे.

चित्र तयार होतें तें ग्राफिक्स चिपमध्यें. वर्कस्टेशनांत बहुधा अशा दोन चिपा असतात, एक काटकसरी व एक बलवान. तेथून चित्र बिजागरीजवळून जाणाऱ्या बारीक केबलनें काचेपर्यंत पोंचतें. बहुतेक पडद्यांची काच स्वतः प्रकाशत नाहीं. तिच्यामागें बारीक दिव्यांची पट्टी असते, तिला बॅकलाइट म्हणतात. म्हणजे डोळ्यांपुढें अंधार एकच, पण त्याचीं कारणें चार-पांच.

त्यांची निवड कशी करावी? पडदा काळा असतां त्यावर तिरका टॉर्च धरावा. अंधुक अक्षरें दिसलीं तर चित्र शाबूत आहे, मागचा दिवा गेला आहे. बाहेरचा मॉनिटर जोडावा; त्यावर चित्र स्वच्छ आलें तर ग्राफिक्स चिप बहुधा निर्दोष. झांकण हळूहळू मागेंपुढें करावें. ठराविक कोनांतच पडदा मालवत असेल तर केबलवर संशय घ्यावा. ॲपलच्या २०१६ सालच्या तेरा इंची मॅकबुक प्रोमध्यें ही केबल उघडझांकीनें झिजत असे, व मे २०१९ मध्यें कंपनीला विनामूल्य दुरुस्ती जाहीर करावी लागली. डेलच्या यंत्रांत तर डी अक्षराची कळ दाबून धरून यंत्र सुरू केलें कीं पडदा क्रमानें रंग दाखवून स्वतःची परीक्षा देतो.

आम्हांला उपयोगी पडली ती परीक्षा याहून साधी होती. यंत्र सुरू होतांना बायोसचें पान उघडलें आणि अर्धा तास नुसतें पाहत बसलों. एकदांही लुकलुक नाहीं! त्या पानावर मुख्याध्यापक आलेलेच नसतात. म्हणजे काच, दिवा व केबल यांवरचा आळ जवळजवळ टळला. मग भाच्याला आठवलें कीं चित्रपट पाहतांना पडदा स्थिर राहतो, नकाशाकडे टक लावून बसलें कींच खोडी सुरू होते. उलगडा येथें झाला. वीज वाचविण्यासाठीं अशी योजना असते कीं चित्र बदलत नसेल तर पडद्यानें शेवटचें चित्र आपल्याच स्मृतींत धरून दाखवीत राहावें आणि ग्राफिक्स चिपनें तेवढी विश्रांति घ्यावी. जागें होतांना दोघांचा मेळ चुकला कीं पडदा लवतो किंवा काळा पडतो. ती योजना बंद केली, लुकलुक थांबली. खर्च कांहींच नाहीं.

फर्मवेअरचे दोष याहूनही दगाबाज असतात. लेनोव्होच्या २०१७ ते २०१९ च्या कांहीं थिंकपॅडांत, त्यांत पी-५१ व पी-५२ हीं वर्कस्टेशनेंही आलीं, थंडरबोल्ट नांवाच्या जोडणीच्या फर्मवेअरमध्यें चूक होती. त्याची चिप हळूहळू झिजून निकामी होई. मग बाहेरचा मॉनिटर चालेना, कांहीं यंत्रें सुरू होतांनाच अडकत. कंपनीनें सुधारलेलें फर्मवेअर दिलें. पण ज्यांनीं तें वेळेवर घातलें नाहीं, त्यांच्यांतील कित्येकांना मदरबोर्डच बदलावा लागला. उलट प्रकारही घडतो. डिसेंबर २०१७ मध्यें उबुंटू १७.१० घातल्यावर कांहीं लॅपटॉपांच्या बायोसमध्यें केलेले बदल टिकेनासे झाले, म्हणून ती आवृत्ति कांहीं काळ मागें घेण्यांत आली. जुनें यंत्र घेतांना त्याचें फर्मवेअर कोणत्या तारखेचें आहे हें विचारावें, असें मला वाटतें तें यासाठीं. विकणारे रॅम आणि डिस्क सांगतात. हें सांगत नाहींत.

पण फर्मवेअर बदलतांना एक गोष्ट ध्यानांत असूं द्यावी. त्या वेळीं पडदा कांहीं मिनिटें काळाच राहूं शकतो, पंखा जोरानें फिरूं लागतो, यंत्र एक-दोनदां आपोआप बंद होऊन सुरू होतें. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं घाबरून मधेंच बटण दाबून धरलें. चिपवरचें लिखाण अर्धवट राहिलें, यंत्र मेलें. कांहीं यंत्रांत जुन्या लिखाणाची प्रत राखलेली असते, त्यांच्यांत नव्हती; नागपूरच्या कारागिरानें चिपला बाहेरून उपकरण जोडून तें पुन्हां लिहिलें. म्हणून चार्जर जोडलेला असावा, बॅटरी भरलेली असावी. मृगाच्या वावटळींत, आमच्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसतांना, हें काम काढूंच नये. आणि पडदा काळा झाला तर हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसावें.

भाच्याचें यंत्र आतां नीट चालतें. त्याचा जुना पडदा त्यानें मजकडे ठेवावयास दिला आहे. परवां एका कारागिराकडून तो तपासून घेतला. त्यांत कांहींही दोष नाहीं.