पाव सेकंदाचा निवाडा

1990च्या दशकात माझा धाकटा भाऊ सौदीत नोकरीला होता. दर जुम्म्याला रात्री त्याचा फोन यायचा. मी विचारायचो, ‘कसा आहेस?’ पलीकडे सामसूम. म्हणून मी दुसरा प्रश्न टाकायचो आणि नेमका तेव्हाच पहिल्याचा जवाब येऊन त्यावर आदळायचा. अम्मी म्हणायची, ‘दोघं एकदम बोलू नका रे, पैसे पडतात!’ आमचा आवाज 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला शिवून खाली येत होता. एकेरी फेरीलाच पाव सेकंद जायचा.

गप्पांत पाव सेकंदाने फक्त गोंधळ होतो. पण तेवढ्यात कुणी तुमच्यावर गोळी झाडणार असेल तर? इंटरनेटवरचे मारधाडीचे खेळ बनवणाऱ्यांपुढे हाच पेच होता.

डिसेंबर 1993मध्ये टेक्सासच्या इड सॉफ्टवेअर कंपनीचा ‘डूम’ आला. तारेने जोडलेल्या कॉम्प्युटरांवर चौघे एकत्र खेळू शकत. प्रत्येकाच्या यंत्रात अख्खा खेळ चाले. कुणी कोणती कळ दाबली, एवढाच निरोप एकमेकांना जाई, तोही सेकंदाला 35 वेळा. सर्वांचे निरोप आल्याशिवाय खेळ पुढे सरकत नसे. पंगतीतला शेवटचा माणूस बसेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही, तसे. एका इमारतीत हे निभावते, गावोगावी नाही.

जून 1996च्या ‘क्वेक’मध्ये त्यांनी मधोमध एक पंच बसवला, तो म्हणजे सर्व्हर. तुमची कळ त्याच्याकडे जाणार, तो ठरवणार, मग तुमच्या पडद्यावरचा माणूस हलणार. वेगवान लाइनवर सारे झकास. पण घरोघरी मोडेम होते, फोनच्या तारेवर किंचाळणारे ते डबे! त्यांवर कळ दाबूनही माणूस लगेच जागचा हलेना. मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी ऑगस्टमध्ये जाहीरच लिहिले की, आपले गृहीतच चुकले. 200 मिलिसेकंदांच्या आतला उशीर धरला होता, मोडेमवाल्यांना 300हून जास्त लागतो. असा कबुलीजबाब आम्हा कवींत दुर्मिळ.

उशीर मुळातून काढता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते टेक्सास साधारण 14 हजार किलोमीटर, म्हणजे एकेरी 70 मिलिसेकंद गेलेच. मग डिसेंबर 1996च्या ‘क्वेकवर्ल्ड’मध्ये कारमॅकनी तोड काढली: सर्व्हरच्या हुकमाची वाट न बघता तुमच्याच यंत्राने अंदाजाने पाऊल टाकायचे. सर्व्हरचा निकाल वेगळा आला तर मुकाट दुरुस्ती करायची. मुशायऱ्यात बसलेल्यांना हे नवे नाही. काफिया-रदीफ एकदा कळले की शायर शेर पुरा करण्याआधीच मैफल शेवटचा शब्द उचलते, आणि बहुधा बरोबर उचलते.

पण आपले पाऊल ओळखणे सोपे, शत्रूचे कठीण. तो पडद्यावर दिसतो तेव्हा तिथून हललेला असतो. नेम त्याच्या पुढे धरावा लागे आणि ज्याची लाइन सुस्त, तो कायम हरे. क्वेकच्याच पायावर उभ्या राहिलेल्या ‘हाफ-लाइफ’साठी व्हॉल्व्ह कंपनीने यावर उपाय केला. तिथल्या यान बर्नियर यांनी 2001मध्ये तो सविस्तर मांडला. गोळीचा निरोप आला की सर्व्हर घड्याळ तेवढे मागे फिरवतो, तेव्हा नेमबाजाला शत्रू कुठे दिसत होता ते पाहतो आणि निवाडा देतो.

यात कुणावर तरी अन्याय होतोच. नेमबाजाने शत्रूला उघड्यावर पाहिले. शत्रू स्वतःपुरता भिंतीआड पोचलेला. दोघेही खरे बोलतात. पंचाने नेमबाजाचे खरे धरले, कारण प्रत्येक गोळी फुकट जाण्यापेक्षा क्वचित भिंतीआड मरणे लोक सहन करतील, असा हिशेब होता.

आजच्या बऱ्याच खेळांत हीच रीत आहे. परवा माझा भाचा हेडफोन आपटून ओरडला, ‘मामू, मी भिंतीआड गेलो होतो!’ मी त्याला समोरच्याच्या पडद्याची बाजू समजावून सांगितली. त्याला अजून पटलेली नाही.