दोन गाण्यांमधली फट

गेल्या श्रावणात आमच्या गटानं मंगळागौर जागवली. गाणी सांगणाऱ्या दोघी जुन्या बाया आहेत, पण त्यांचा घसा आता रात्रभर टिकत नाही. म्हणून मोबाईलमध्ये गाणी भरली आणि स्पीकर लावला. फुगडी रंगात आली, गाणं संपलं आणि एकदम शांत. पुढचं सुरू व्हायला तीन-चार सेकंद गेले. तेवढ्यात पाय अडखळले, हात सुटले, एक जण तर खालीच बसली. मग पुढचं गाणं असं दणक्यात सुरू झालं की झोळीतलं पोर रडत उठलं.

ही फट येते कुठून? थोडी गाण्यातच असते, रेकॉर्ड करणाऱ्यानं शेवटी सोडलेली मोकळी जागा. थोडी प्लेयरमुळे येते, कारण एक फाईल बंद करून दुसरी उघडायला त्याला वेळ लागतो. आणि अगदी बारीकशी एमपीथ्री या प्रकारामुळे. सीडीच्या दर्जाच्या आवाजात एका सेकंदाला 44,100 नोंदी असतात. एमपीथ्रीमध्ये त्या मापानं भरतात, एका मापात 1152 नोंदी. शेवटचं माप क्वचितच पूर्ण भरतं. पण इथं अर्धं माप चालत नाही, मग उरलेल्या जागेत शांतता भरली जाते. सुरुवातीलाही थोडी पडते. एक माप म्हणजे सेकंदाचा जेमतेम अडतिसावा भाग. सुटी गाणी ऐकताना ते कळतही नाही. पण रात्रभराचं भजन सलग रेकॉर्ड करून त्याचे तुकडे पाडले असतील, तर प्रत्येक जोडावर टाळाचा ठेका चुकल्यासारखा वाटतो.

यावर उपाय दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला 'गॅपलेस'. यात प्लेयर पुढची फाईल आधीच उघडून तयार ठेवतो. किती शांतता भरली हे फाईलमध्ये नोंदलेलं असेल, तर तेवढी गाळतो आणि जोडाला जोड लावतो. मूळ गाण्यातलं काहीच जात नाही.

दुसरा 'क्रॉसफेड'. जात्यावर दोघी बसल्या की एकीचा हात सैल होतो तेव्हाच दुसरी खुंटा ओढते, जातं काही थांबत नाही. तसंच हे. पहिलं गाणं उतरत असताना दुसरं चढत येतं आणि काही सेकंद दोन्ही एकदम वाजतात. यात एक गंमत आहे. मधोमध दोन्ही निम्म्यावर आणली तर तिथं आवाज खचल्यासारखा वाटतो. म्हणून त्या क्षणी दोन्ही 70 टक्क्यांच्या आसपास ठेवण्याची पद्धत आहे.

माझी पुतणी म्हणाली, "काकू, द्या इकडे." तिनं प्लेयरच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेडची पट्टी पार टोकापर्यंत सरकवली. स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये ही पट्टी शून्यापासून 12 सेकंदांपर्यंत जाते. सगळ्याच प्लेयरमध्ये ती नसते, आधी शोधून ठेवा. तिथंच जवळपास आवाज सारखा करण्याची 'नॉर्मलाइझ' नावाची सोय असते. ती चालू केली की एक गाणं बारीक नि दुसरं दणक्यात, असं होत नाही. पोरं झोपलेली असतील तर क्रॉसफेडपेक्षा हीच जास्त उपयोगी, असं मी तरी म्हणेन.

झिम्मा, फुगड्या सगळं झकास झालं. पहाटे सगळ्या दमून बसल्या, तेव्हा मी आमच्या आत्याबाईंच्या ओव्या लावल्या. सासूबाई माझ्या. दोन वर्षांपूर्वी जात्यावर बसलेल्या असताना मी फोनमध्ये भरून घेतल्या होत्या, आता त्या नाहीत. शेवटची ओवी झाल्यावर त्या मला म्हणाल्या होत्या, "पुरे गं आता, चहा टाक." मी त्या शब्दांची वाट बघत होते. पण ते यायच्या आतच वरून ढोलकी सुरू झाली आणि आत्याबाई तिच्याखाली गेल्या. रेकॉर्डिंगच बिघडलं, असं वाटून माझे हातपाय गळाले.

बिघडलं काहीच नव्हतं. क्रॉसफेड फक्त वाजवताना होतं, फाईलला हात लागत नाही. पट्टी शून्यावर आणली आणि "चहा टाक" जिथल्या तिथं ऐकू आलं.

तेव्हापासून मी आधी गाण्याचा शेवट ऐकते. नाचाच्या गाण्यांचा शेवट बहुधा तेच ते धृपद असतं, तीन-चार सेकंद झाकले तरी चालतात. बारा फार होतात. शिवाय क्रॉसफेडला ताल कळत नाही. संथ गाण्यावर जलद गाणं चढलं की पायांचा गोंधळ उडतो, म्हणून सारख्या चालीची गाणी शेजारी ठेवा. ओवी, गटातल्या कुणाचं मनोगत, कथा यांत शेवटचे शब्दच महत्त्वाचे असतात, तिथं क्रॉसफेड शून्य. सलग भजनाच्या तुकड्यांना गॅपलेस लावा. आणि ही पट्टी एका गाण्यापुरती नसते, त्या ॲपमधल्या सगळ्या गाण्यांना लागू होते. त्यामुळे ओव्या मी आता क्रॉसफेड नसलेल्या वेगळ्या प्लेयरमध्ये ठेवल्यात.

कुणाकडे कॉम्प्युटर असेल तर ऑडॅसिटी नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो. त्यात प्रत्येक जोड हवा तेवढाच ठेवून अख्ख्या रात्रीची एकच फाईल करता येते. मग प्लेयर कुठलाही असू दे. पण ती फाईल वेगळ्या नावानं जतन करा, कारण त्यात जे कापाल ते कायमचं जाईल. मूळ रेकॉर्डिंग दुसऱ्या एखाद्या फोनमध्येही भरून ठेवा. आमच्या गटात ते काम पुतणीकडे दिलंय, आत्याबाईंच्या ओव्या तिच्याकडेही आहेत.