पेमेंट पडलं, पण कशाचं?

बँकेचा मेसेज येतो तेव्हा त्यात रक्कम असते, तारीख असते, एनईएफटीचा यूटीआर क्रमांक असतो. ऑनलाइन विकलेल्या कोणत्या मालाचे पैसे आले, ते नसतं. मागच्या आठवड्यात पुण्याला गेलेला चौरंग त्यात धरलाय का? कोलकात्याहून कोपरा फुटून परत आलेल्या देवघराचं भाडं त्यातून कापलंय का? जाहिरातीचे पैसे यातूनच गेले का? हे शोधायला वहिनी दुपारची जेवणं उरकली की लॅपटॉप उघडतात. भाऊ-वहिनींचं घर आणि लाकडी सामानाचा कारखाना एकाच इमारतीत. खाली रंधा, सँडिंग मशीन आणि पॉलिशचा वास, वर हिशेब.

नागपूर मेट्रोच्या टेलिफोन एक्स्चेंज स्टेशनावर उतरून सेंट्रल एव्हेन्यूवरून आत वळलं की लकडगंज नाकाला आधी कळतं, डोळ्यांना नंतर. ओला भुसा, ताजं चिरलेलं सागवान, मधूनच जळक्या पट्ट्याचा वास. दिल्लीच्या नव्या संसद भवनाचं सागवान नागपूरचं, हे २०२३ साली देशभर छापून आलं, तेव्हा इथल्या वखारवाल्यांना त्यात नवल वाटलं नाही. बल्लारशा-आलापल्लीचं सागवान इथे येणार, चिरलं जाणार आणि पुढे जाणार, हा इथला जुना रिवाज. आणि हा सगळा धंदा चालत आला उधारीवर. भाऊ सांगतात की त्यांचे वडील इतवारीतल्या दुकानांना पाट, चौरंग, पोळपाट पुरवायचे आणि महिन्यातले काही दिवस नुसते वसुलीला सायकलवर फिरायचे. पैसे बुडायचे, पण कोणी बुडवले ते माहीत असायचं. त्याच्या दारात जाऊन बसता यायचं.

आता माल ऑनलाइन कंपन्यांमार्फत जातो, बसायला दार नाही. पैसेही सहसा बुडत नाहीत, हे मान्य करायला हवं. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन बाजाराला स्वतःचा माल विकता येत नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून हे नियम आणखी कडक झाले. कंपनी बाजार भरवते, माल विक्रेत्याचा, म्हणून ग्राहकाने दिलेले पैसेही विक्रेत्याचेच. मधल्या काळात ते पैसे कुठे असावेत, यावर रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये नियम घातले: पेमेंट गोळा करणाऱ्या संस्थेने ते बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे, स्वतःच्या खर्चाला वापरायचे नाहीत. पण त्याच नियमांत एक फटही ठेवली, आणि सगळ्या विक्रेत्यांचा जीव त्या फटीत अडकलेला असतो. करारात तसं लिहिलं असेल तर परताव्याची मुदत संपेपर्यंत पैसे थांबवता येतात.

हिशेब करून पाहा. सोमवारी ऑर्डर पडली. मंगळवारी लेबल चिकटवून पिकअपवाल्या पोराच्या हवाली केली. कोलकात्यात पोचली रविवारी. पुढे कंपनीच्या ठरलेल्या दिवसांची मुदत, मग पेमेंटचा ठरलेला वार. लाकूड विकत घेतल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत महिना सहज जातो, आणि दिवाळीच्या आधी तर धंदा जितका जास्त तितके पैसे जास्त रस्त्यावर. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, रविवारीसुद्धा चालते. त्यामुळे ‘बँक बंद होती’ हे कारण संपलं. उशीर आता बँकेचा नसतो, करारातल्या कलमांचा असतो.

वहिनींचा तक्ता पाहायला मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. कंपनीच्या पॅनलवरून सेटलमेंट रिपोर्ट उतरवायचा. त्यात एका ऑर्डरची एक ओळ असेल असं समजू नका. विक्रीची एक, कमिशनची एक, भाड्याची एक. माल परत आला तर त्याच्या उलट्या ओळी, त्याही वेगळ्या तारखेला, वेगळ्या यूटीआरखाली. दुसऱ्या शीटमध्ये त्यांनी स्वतः लिहिलेलं: ऑर्डर क्रमांक, कोणता माल, खोक्याचं माप, पाठवल्याची तारीख. मग व्हीलूकअप लावून दोन्ही जुळवायचे. जुळलेली ओळ हिरवी. पाठवलं पण पैसे आले नाहीत, पिवळी. कापलं पण का ते कळत नाही, लाल. “कंपनी पैसा ठेवून नाही घेत भाऊ,” त्या म्हणाल्या, “पण कशाचा कापला हे आपल्यालेच शोधावं लागते. त्यांनी सांगितलं असतेच, पण सांगितलं कुठं हेही शोधावं लागते.”

समजायला एक चौरंग घेऊ. किंमत १,१८० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून. म्हणजे मालाचे १,००० आणि कराचे १८०. कमिशन, ठरावीक शुल्क आणि भाडं मिळून २९० रुपये धरू. दर कंपनीगणिक आणि मालागणिक वेगळे, आणि कोणत्याही महिन्यात बदलू शकतात. या २९० वर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५२ रुपये २० पैसे. मग जीएसटीचा टीसीएस, म्हणजे कंपनी सरकारसाठी आधीच कापून घेते तो भाग: ऑक्टोबर २०१८ मध्ये तो १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का, हजारावर ५ रुपये. आयकराचा टीडीएस ऑक्टोबर २०२० मध्ये आला; त्याचा १ टक्क्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला, १ रुपया. सगळं वजा जाऊन खात्यात पडतात ८३१ रुपये ८० पैसे.

भाऊंना हे ८३१ दिसतात आणि ते लाकूड घ्यायला निघतात. वहिनी त्यांना थांबवतात. कारण यात सरकारचे १८० आहेत. त्यातून कंपनीच्या शुल्कावर भरलेले ५२ रुपये २० पैसे आणि टीसीएसचे ५ वळते होतात, तरी १२२ रुपये ८० पैसे भरावे लागतात. उरले ७०९. टीडीएसचा १ रुपया आयकर विवरणपत्र भरल्यावर परत. म्हणजे ७१०. लाकडावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वेगळं, पण मुळात या ७१० मध्ये लाकूड, कारागिराची मजुरी, पॉलिश, खोका आणि वीज बसवायची. नवे विक्रेते बुडतात ते इथे. कंपनीने लुबाडल्यामुळे नव्हे, १८० रुपये आपलेच समजून खर्च केल्यामुळे.

टीसीएसचं आणखी एक. कंपनी दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ भरते, त्यानंतर ती रक्कम विक्रेत्याला पोर्टलवर दिसते. ती स्वतः स्वीकारून फॉर्म भरला तरच कॅश लेजरमध्ये जमा होते. ऑर्डरमागे पाच रुपये, कोण बघतो, म्हणून लोक सोडून देतात. वहिनी सोडत नाहीत. सीएकडे फी भरतोच, मग तो बघेल, या वाक्यावर त्यांचा विश्वास नाही, आणि मला वाटतं ते बरोबर आहे.

एक फुकटचा सल्ला नागपुरात हमखास ऐकू येतो: छोटा धंदा असेल तर जीएसटी नंबर कशाला? १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेखालच्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन विकता येतं, हे खरं. मुख्य अट, माल आपल्याच राज्यात विकायचा. मुंबई-पुण्याकडच्या माणसाला ही सवलत कामाची. इथून छिंदवाडा सव्वाशे किलोमीटर आणि पुणं सातशेच्या वर. बालाघाट, राजनांदगाव, रायपूर हे आमचे शेजारी, पण कायद्याच्या दृष्टीने परमुलूख. नंबर घ्यावाच लागतो.

मला सगळ्यात गंमत वाटली ती खोक्याच्या मापाची. कुरियरचं भाडं नुसत्या वजनावर नसतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायची. जे येईल ते आकारमानाचं वजन. तेही काढतात, खरंही काढतात, आणि जे जास्त असेल त्यावर भाडं. अखंड बांधणीचा चौरंग ४० बाय ४० बाय २० च्या खोक्यात जायचा. काट्यावर तीन किलो, कागदावर ६.४. आत निम्मी जागा रिकामी, आणि त्या रिकाम्या जागेचं भाडं दर ऑर्डरला कापलं जात होतं. लाल ओळींमध्ये हे वहिनींना दिसलं. त्यांनी खाली जाऊन कारागिराला विचारलं, पाय सुटे करता येतील का?

कारागीर नाराज झाला. लाकडात लाकूड बसवून चूल-सालाचा जोड करणारा माणूस, त्याला स्क्रूचं काम म्हणजे कमीपणा. पण केलं. चारी पायांच्या डोक्यात धातूची आट्यांची नळी बसवली, फळीला खालून बोल्ट. पाय काढून आडवे ठेवले की खोका झाला ४० बाय ४० बाय ८, आकारमानाचं वजन २.५६. आता भाडं खऱ्या तीन किलोवर. पहिल्या खेपेला बोल्ट सैल म्हणून तक्रारी आल्या. मग प्रत्येक खोक्यात एक छोटा पाना आणि मराठी-हिंदीत छापलेली चिठ्ठी जाऊ लागली. वडिलांच्या काळात चौरंगाचा आकार गिऱ्हाईक ठरवायचं. आता सेटलमेंट रिपोर्ट ठरवतो. यात चांगलं-वाईट काय ते मला सांगता येणार नाही, पण जुना अखंड चौरंग हातात घेतला की फरक कळतो.

माप नीट असूनही वजनाचे वाद होतात. हबमधलं मशीन फुगलेल्या खोक्याचं माप घेतं आणि वरचा टप्पा लावतं. म्हणून प्रत्येक खोका टेपने मापून, काट्यावर ठेवून, लेबलसकट फोटो काढायचा. परत आलेलं पार्सल तर कॅमेऱ्याशिवाय उघडायचंच नाही. भाऊंचा मुलगा मोबाइल धरतो, ते लेबल दाखवतात, न कापलेली टेप दाखवतात, मग ब्लेड लावतात. एकदा चौरंगाच्या खोक्यात जुनी चप्पल निघाली. व्हिडिओ एका दमात, मध्ये न थांबवता घेतलेला हवा, तो मुदतीत चढवायला हवा, तरच क्लेम. क्लेम मंजूर झाला तरी पूर्ण किंमत मिळेलच असं नाही. आणि मिळालेली रक्कम पुन्हा कुठल्या तरी वेगळ्याच यूटीआरखाली येणार, म्हणजे पुन्हा शोधा.

परत येणारा माल दोन तऱ्हेचा. गिऱ्हाइकाने घेतलाच नाही तो आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन). घेऊन मग परत केला तो कस्टमर रिटर्न. बहुतेक ठिकाणी दुसऱ्यात परतीचं भाडं विक्रेत्याच्या माथी. कॅश ऑन डिलिव्हरीत आरटीओ जास्त, कारण पैसे न देता मागवलेल्या वस्तूचा मोह दोन दिवसांत ओसरतो. सणानंतरच्या आठवड्यात परती इतक्या येतात की पेमेंटच्या दिवशी मेसेजच येत नाही. रिपोर्ट उघडला तर खाली रक्कम, तिच्यामागे वजाचं चिन्ह. कंपनी तुमच्याकडे मागायला येत नाही. पुढच्या पेमेंटमधून घेते. इतवारीचा दुकानदार भाऊंच्या वडिलांचं देणं लागायचा, इथे भाऊच देणं लागतात, आणि तेही माल विकून.

बँकेच्या बाबतीत वहिनींनी लावलेली शिस्त साधी आहे. पेमेंट पडतं ते चालू खातं फक्त त्यासाठीच. बँकेने सुचवलं होतं की सीसी (कॅश क्रेडिट) खातंच जोडा, व्याज कमी लागेल. त्यांनी नाही म्हटलं. पैसे सीसीत पडले की कर्जात मुरतात आणि जीएसटी भरायच्या २० तारखेला हात रिकामे. पेमेंट पडलं की कराचा वाटा त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात. खातं सहसा बदलायचं नाही, कारण बदललं की पडताळणी होते, एक रुपया टाकून नाव जुळवून बघतात, आणि तोवर पेमेंट थांबतं. “तुमचं पेमेंट होल्डवर आहे, ओटीपी सांगा” असे फोन येतात, तेही नेमके दिवाळीच्या आधी, जेव्हा माणूस पेमेंटच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो. ओटीपी दिला की पॅनलवरचं बँक खातंच बदललं जाऊ शकतं. त्यामुळे लॉगिनचा मोबाइल भाऊंच्या खिशात नसतो, वरच्या कपाटात असतो.

हे सगळं काम दिवसाचे दोन-अडीच तास खातं. चौरंगाच्या किमतीत लाकडाचे पैसे धरलेत, कारागिराचे धरलेत, पुठ्ठ्याचे आणि टेपचेही धरलेत. वहिनींचे धरलेले नाहीत. मी विचारलं तेव्हा भाऊ म्हणाले, “ते घरचंच काम होय ना.” वहिनी काही बोलल्या नाहीत, पुढची ओळ पिवळी केली.

देवघराचा निर्णय मात्र त्यांचाच. ऑनलाइन सगळ्यात जास्त खपणारी वस्तू तीच होती, चांगले तारे मिळालेली. ४५ बाय ३० बाय ६० चा खोका, काट्यावर सात किलो आणि आकारमानाने १६.२. कळस मोडतो, घुमट चेपतो, परती येतात. वर्षभराच्या ओळी एकत्र केल्या तेव्हा नगामागे तोटा निघाला, आणि जितकी विक्री वाढली तितका तो वाढला होता. भाऊंचा जीव होत नव्हता. लिस्टिंग बंद केली तर वर्षानुवर्षं जमवलेले तारे जातील, म्हणाले. शेवटी साठा शून्य करून ठेवला, लिस्टिंग तशीच. देवघर आता खाली दुकानात मिळतं. वर्धमाननगरातून, बगडगंजातून लोक येतात, घासाघीस करतात, क्यूआरवर पैसे टाकतात, आणि ऑटोत घालून घेऊन जातात.