पोलादनगरीतील भाताचे अन्न

१९५५ साली भारत व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, महाराष्ट्र अशा नाना प्रांतांतून माणसे आली. येताना प्रत्येकाने आपापली चूलही आणली. त्यामुळे येथील सेक्टरांच्या बाजारात प्रवाशाला डोसा व छोले विनासायास मिळतात. ज्यांच्या शेतांवर हे नगर वसले, त्यांचे अन्न मात्र शोधावे लागते.

हे अन्न म्हणजे प्रामुख्याने तांदूळ. छत्तीसगढाला भाताचे कोठार म्हणतात ते उगीच नव्हे. येथे भाकरी, न्याहारी व पक्वान्न ही तिन्ही तांदळाचीच होतात. सकाळचा चीला हा आपल्या घावनाचा सख्खा भाऊ. त्याच्यासोबत पाट्यावर वाटलेली पतालची चटणी असते (पताल म्हणजे टोमॅटो). उरलेला भात व तांदळाचे पीठ एकत्र मळून त्याचे वळकुट्यांसारखे लांबट तुकडे वाफवले की फरा तयार होतो. तेच मिश्रण पळसाच्या पानांत घालून निखाऱ्यांवर भाजले, तर जाड, खरपूस अंगाकर होते. कोकणातील पानगी ज्याने खाल्ली असेल त्याला पानाचा तो गंध ओळखीचा वाटेल. अळूच्या पानांना उडदाचे वाटण लावून, वड्या वाफवून आंबट कढीत सोडतात, त्याला इड्हर म्हणतात. अइरसा आणि आपला अनारसा यांची तर नावेसुद्धा जुळतात. अठराव्या शतकात या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता खरा; पण या साम्याचे श्रेय त्यांना देण्याची घाई करू नये. तांदूळ, गूळ आणि अळू दोन्हीकडे आधीपासूनच होते.

सणांच्या दिवसांत जाणारा प्रवासी विशेष भाग्यवान. पोळा व तीजा यांच्या सुमारास घरोघर बेसनाची खारी ठेठरी आणि कणीक व गुळाची खुरमी तळली जाते. तीजासाठी लेकी माहेरी येतात. निर्जळ उपवासाच्या आदल्या रात्री त्या कारल्याची भाजी आणि भात खातात. या जेवणाला ‘करू भात’ म्हणतात. करू म्हणजे कडू.

सर्वांत साधा पदार्थ मात्र बोरे बासी. रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, लोणचे किंवा दही यांच्यासोबत खायचा. रात्रभरात भातावर सूक्ष्म जिवाणूंची क्रिया होऊन त्याला सौम्य आंबटपणा येतो. वैशाखातील उन्हात राबणाऱ्याला त्याच्यातील पाणी व मीठ दोन्ही उपयोगी पडतात. ओडिशातील पखाळ व बंगालमधील पांता भात याच जातीचे. ‘शिळे’ या शब्दामुळे सुशिक्षित घरांनी बासीला दूर लोटले होते, आणि पाहुण्यापुढे ती ठेवण्यास यजमान आजही संकोचतो. २०२२ च्या कामगार दिनी राज्य सरकारने सर्वांना बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा मंत्री व अधिकारीही ती खाताना दिसले.

भिलाईत कोणाच्या घरी जाण्याचा योग नसेल, तर रेल्वेने जवळच्या रायपूरला जावे. तेथील महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात ‘गढकलेवा’ हे भोजनस्थान आहे. तेथे स्त्रियांचा बचत गट चीला, फरा आणि ठेठरी रांधून वाढतो.